दादाला मानसिक उपचारासाठी नागपूरला न्यायच्या आधी

आधार, जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटं, दोन जोड कपडे. हे कोणी विसरत नाही. राहतो तो कागद.

उपचाराबाबत आपल्या वतीनं कोणी बोलायचं, हे मानसिक आजार असलेला माणूस स्वतः ठरवू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अशा माणसाला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. त्याचं नाव साध्या कागदावर लिहायचं, खाली सही नाहीतर अंगठा. स्टँप पेपरची भानगड नाही. फक्त माणूस शुद्धीत, समजून घेण्याच्या स्थितीत पाहिजे. बिघडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. कापूस वेचणी चालू असली तरी एक संध्याकाळ काढा.

आमच्याजवळ मागच्या वेळी हा कागद नव्हता. मग कायदा नातेवाइकाला विचारतो, आणि नातेवाईक म्हणजे रक्ताचा, लग्नाचा, दत्तक कोणीही. काका म्हणे भरती करा, दादाचा साळा म्हणे घरी नेतो. दादा बाकावर बसून दोघांकडं पाहत होता. म्हणून कागद. आधी कागद.

अंगठा म्हटलं की घरात सातबाऱ्याची शंका येणारच. येऊ द्या, आपल्याकडं अंगठ्यावर वावरं गेली आहेत. पहिल्याच ओळीत लिहा की हे फक्त मानसिक उपचारापुरतं आहे, शेतीशी संबंध नाही. वहिनीसमोर मोठ्यानं वाचून दाखवा, मगच शाई लावा. कोऱ्यावर अंगठा तर घेऊच नका! मन बदललं तर त्याला नाव कधीही बदलता येतं, हेही सांगा.

ज्याचं नाव लिहाल तो अठराच्या वरचा हवा, आणि त्याचीही लेखी संमती लागते. पुण्यातला हुशार भाचा काय कामाचा? रात्री गाडी काढणारा पाहा.

दादा स्वतः ठरवू शकत नसेल तर भरतीचा अर्ज प्रतिनिधी करतो. दोन तज्ज्ञ वेगवेगळे तपासतात, भरतीची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, पुढचं वेगळं. तातडीचे उपचार कागदाशिवायही होतात, पण ते ७२ तासांपुरते. तेवढ्यावर विसंबू नका, कागद न्या.

हा कागद फक्त मानसिक आजारासाठी, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला चालत नाही. बौद्धिक दिव्यांग लेकरू अठराचं झालं की १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडं. कोमातल्या माणसासाठी वेगळा कायदाच नाही, हायकोर्टात जावं लागतं. वकील गाठा.

झेरॉक्स वहिनीजवळ. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, डब्याजवळ नको, भाजीचं तेल लागतं.