बी-१ चं काम केलं, बिल अडकलं, आता काय करायचं?

"निधी आला की काढतो" हे वाक्य ऐकून ज्यांचे कान किटलेत, त्या पीडब्ल्यूडी-झेडपीची कामं घेणाऱ्या छोट्या कॉन्ट्रॅक्टरसाठी हे लिहितोय.

पहिलं काम म्हणजे ॲग्रीमेंट काढून क्लॉज ३० नीट वाचा. बी-१ फॉर्ममध्ये (सरकारी कामाच्या कराराचा ठरलेला छापील नमुना) तिथे असतं की वाद झाला तर सुपरिंटेंडिंग इंजिनिअरचा (एसई) निर्णय फायनल, आणि आपले लोक यालाच आर्बिट्रेशन (लवाद) समजून बसतात. पण सुप्रीम कोर्टानं बी-१ च्याच केसमध्ये सांगितलंय की हा आर्बिट्रेशनचा करार नाही. म्हणजे एसई साहेबांकडे लेखी क्लेम टाका, तिथून वर अपिलाची मुदत दिली असेल ती पाळा, आणि तरी नाहीच झालं तर दिवाणी दावा, त्याआधी सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम ८० ची सरकारला द्यायची दोन महिन्यांची नोटीस.

आता मुदत. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात आणि तुम्ही पाठवलेल्या स्मरणपत्रांनी ती वाढत नाही, हे खूप जणांना वकिलाकडे गेल्यावरच कळतं. ऑफिसनं मुदत संपायच्या आत लेखी, सहीनिशी "एवढं देणं बाकी आहे" असं मान्य केलं तर तिथून नवी मुदत सुरू होते. म्हणून तोंडी आश्वासनावर खूश होऊ नका, त्याचं पत्र मागा.

खरी लढाई मात्र एमबीवर, म्हणजे मेजरमेंट बुक या मोजमापाच्या वहीवर असते. मोजमाप घेताना स्वतः हजर राहा. समजा खडीकरण ४२० घनमीटर झालंय आणि एमबीत ३८० लिहिलंय, तर "मान्य" म्हणून सही ठोकू नका, खाली "अंडर प्रोटेस्ट, माझ्या मोजमापाने ४२०" असं लिहून मग सही करा आणि त्याच दिवशी एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरला पत्र द्या. पत्राच्या ओसीवर (आपल्याकडे राहणारी प्रत) आवक नंबर, तारीख, शिक्का घ्यायचाच, क्लार्क कितीही कुरकुरला तरी. एमबीची कॉपी देत नाहीत? दहा रुपयांचा आरटीआय टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. जागा ताब्यात मिळायला उशीर, एक्स्ट्रा आयटम (करारात नसलेलं जादा काम), मुदतवाढ, सगळं असंच लेखी. साहेब चांगले असतात हो, पण त्यांची बदली होते.

फायनल बिलाच्या वेळी "काहीही येणं बाकी नाही" असा छापील दाखला पुढे करतात. पैशाची नड असते, सही होते. दबावाखाली सही घेतली असेल तर ती पुढे चॅलेंज करता येते, पण लगेच पत्र देऊन ठेवलेलं असेल तरच कोर्टात वजन राहतं.

रक्कम ऑफिसनं लेखी मान्य केलीय आणि नुसतं देत नाहीयेत, अशा वेळी हायकोर्टात रिटचा (सरकारी ऑफिसला थेट आदेश मागणारा अर्ज) पर्याय बघा, मोजमापाचाच वाद असेल तर तिथून बहुतेक दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवतात. सांगली, सातारा, सोलापूरवाल्यांना आता मुंबई गाठायची गरज नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय.

एमएसएमई समाधानवर (लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारीचं सरकारी पोर्टल) तक्रार टाका असा सल्ला सगळेच देतात. ४५ दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज हे खरंय, पण ते माल किंवा सर्व्हिस पुरवणाऱ्यांना, आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) पुरवठ्याच्या आधीची हवी. वर्क्स कॉन्ट्रॅक्टला (माल आणि मजुरी एकत्र असलेलं बांधकामाचं काम) मुंबई हायकोर्टानं हा एमएसएमई कायदा लागू नाही असं म्हटलंय, तेव्हा रस्ता-इमारतवाल्यांनी त्याच्या भरवशावर तीन वर्षं घालवू नका.