वाफेत तांबं किती, ब्राइनमध्ये किती: क्वार्ट्झमधल्या थेंबांवरून मोजायची रीत

पॉर्फिरी तांब्याच्या साठ्यांत (मॅग्माच्या घुसखोर खडकांभोवती विखुरलेल्या तांब्याच्या मोठ्या साठ्यांत) मॅग्मातून निघालेलं खारट पाणी वर चढतं, दाब उतरतो आणि त्याचे दोन भाग पडतात: जड, अतिशय खारट ब्राइन आणि हलकी, कमी खारट वाफ. अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं बिंगहॅम कॅन्यन हे याचं नेहमीचं उदाहरण. दोन्हींचे सूक्ष्म थेंब क्वार्ट्झच्या शिरांत अडकून राहतात. त्यांना इन्क्लुजन म्हणतात. धातूंची वाटणी मोजायची ती त्यांच्यातच.

शिरेचा दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला सुमारे २०० मायक्रॉनचा काप घ्या. त्यातून खरी जोडी शोधणं हे निम्म्याहून जास्त काम आहे. ब्राइनचा थेंब ओळखणं सोपं: आत बुडबुडा, मिठाचा चौकोनी स्फटिक आणि बरेचदा चॅल्कोपायराइटचा (तांबं-लोह सल्फाइडचा) काळा त्रिकोणी ठिपका. वाफेचा थेंब जवळजवळ सगळा काळपट बुडबुडाच दिसतो. दोन्ही एकाच वाढ-पट्टीत (स्फटिक वाढताना एकाच वेळी बनलेल्या थरात) किंवा एकाच भरलेल्या भेगेत, आणि प्रत्येक जातीतले थेंब आपसात सारखे दिसणारे हवेत. शेजारच्या थेंबांमध्ये बुडबुड्याचा आकार हवा तसा बदलत असेल तर ब्राइन आणि वाफ एकाच थेंबात मिसळून अडकली आहेत. तो गट सरळ सोडून द्या.

हीटिंग-फ्रीझिंग स्टेज (सूक्ष्मदर्शकाखाली काप थंड-गरम करायचं उपकरण) आधी उणे ५६.६, ० आणि ३७४ अंशांवर तपासून घ्या (कार्बन डायऑक्साइडचा त्रिक बिंदू, बर्फ, पाण्याचा क्रांतिक बिंदू). मोजमाप थंडीपासून सुरू करा. आधी तापवलं तर थेंब फुटतात किंवा ताणले जातात. वाफेच्या थेंबात बर्फ उणे २.० अंशांना वितळला तर क्षारता ३.४ टक्के. ब्राइनमधलं मीठ ३०० अंशांना विरघळलं तर ३८.२ टक्के. बुडबुडा आधी गेला आणि मीठ नंतर विरघळलं, तर ते ब्राइन वाफेच्या सोबतीने अडकलेलं नसावं किंवा थेंब नंतर बदलला असावा, त्यामुळे ती जोडी बाद. वाफेच्या थेंबात शेवटचा द्रव भिंतीला पातळ थरासारखा चिकटतो आणि दिसत नाही, म्हणून तिथलं एकजीव होण्याचं तापमान (ज्याला द्रव आणि वाफ मिळून एकच होतात) कमी वाचलं जातं. तापमान ब्राइनवरूनच घ्या.

मग लेझर. १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर (अतिनील लेझर) आणि आयसीपी-एमएस (आर्गनच्या प्लाझ्मात मूलद्रव्यांचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) ही नेहमीची जोडी, बाहेरचा मानक, म्हणजे यंत्र जुळवायला माहीत असलेल्या घटकांचा नमुना, निस्ट ६१० काच. लेझरचं छिद्र हळूहळू उघडा, नाहीतर क्वार्ट्झचा टवका उडतो आणि सिग्नल वाया जातो. ब्राइनला १५ मायक्रॉनचा थेंब पुरतो. वाफेत वस्तुमानच थोडं, म्हणून ३० मायक्रॉन किंवा मोठा निवडा. तांब्यासाठी ६५ वस्तुमानाचा समस्थानिक घ्या, कारण ६३ वर आर्गन आणि सोडियमची जोडी येऊन बसते. आर्सेनिकला ७५ शिवाय पर्याय नाही, आणि तिथे आर्गन-क्लोरीन आड येतं. ब्राइनमध्ये हा घोळ जास्त. अंतर्गत मानक (थेंबातलं ज्याचं प्रमाण आधीच ठरतं आणि ज्यावरून बाकीचे आकडे काढतात ते मूलद्रव्य) सोडियम, पण थंडी-उष्णतेतून आलेली क्षारता ही 'सोडियम क्लोराइड-समतुल्य' असते. त्यात पोटॅशियम आणि लोहाच्या क्लोराइडचा वाटा असतोच, तो वजा केल्याशिवाय सगळे आकडे फुगतात.

आकडे आले की लोह, मँगनीज, जस्त, शिसं, चांदी ब्राइनमध्ये जास्त दिसतील. ते क्लोराइडला बांधलेले असतात आणि क्लोराइड ब्राइनमध्ये. आर्सेनिक आणि बोरॉन तटस्थ हायड्रॉक्साइड म्हणून वाफेत बरे टिकतात. वाफेची घनता ब्राइनच्या जवळ सरकते तसतसा दोन्हींतला फरकही कमी होतो. क्रांतिक बिंदूला तो संपतोच.

तांब्यावर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. १९९९ मध्ये हाइनरिख आणि सहकारी संशोधकांनी क्वार्ट्झमधल्या थेंबांवरून तांबं वाफेत जास्त जातं असं दाखवलं आणि ते बराच काळ मान्य राहिलं. २०१२ मध्ये लेर्खबाउमर आणि ऑडेटा यांच्या प्रयोगांत दिसलं की थेंब अडकल्यानंतरही तांब्याचे आयन क्वार्ट्झमधून आत शिरतात आणि बदल्यात हायड्रोजन आयन बाहेर जातात. आत गंधक असलं की तांबं सल्फाइड बनून तिथेच अडकतं, आणि वाफेच्या थेंबात गंधक भरपूर. सोडियमही याच वाटेने निसटतं, म्हणजे अंतर्गत मानकही बिघडतं. मूळ वाटणीत तांबं ब्राइनकडेच झुकतं. तपासायला गंधकही मोजा: वाफेच्या थेंबांत तांबं गंधकाच्या बरोबरीने वर-खाली होत असेल तर संशय घ्या. त्याच शिरेत पुष्कराज असेल तर त्यातले वाफेचे थेंब मोजा. त्यांत तांबं क्वार्ट्झमधल्यापेक्षा फार कमी निघतं.

अखेरीस, सांद्रता आणि वाटा यांत गल्लत नको. वरच्याच जोडीचं मूळ पाणी १० टक्के क्षारतेचं होतं असं धरा. ब्राइनचं प्रमाण (१० − ३.४) ÷ (३८.२ − ३.४), म्हणजे १९ टक्के, वाफ ८१ टक्के. उदाहरणादाखल तांब्याची वाफेतली सांद्रता ब्राइनच्या दहावा भाग घेतली तर वाफेकडे एकूण तांब्यापैकी ८.१ ÷ २७.१, म्हणजे ३० टक्के जातं. शिशाचं गुणोत्तर ०.०२ घेतलं तर ८ टक्के. आणि ब्राइन जड असल्याने खालीच रेंगाळतं, वाफ पुढे निघून जाते, त्यामुळे तुमची शीर कोणत्या खोलीवरची आहे त्यावरून हे प्रमाण बदलतं. मूळ क्षारता खोलवरच्या, अजून दोन भाग न पडलेल्या पाण्याच्या थेंबांवरून ठरवा.