वीजबिल कमी पण घरात चिकचिक? या चुका टाळा

गोरेगावच्या रिडेव्हलपमेंटमधल्या नव्या घरात आलो तेव्हा सगळं वीज वाचवणारं होतं, घट्ट बंद होणाऱ्या डबल काचेच्या खिडक्या, इन्व्हर्टर एसी, आणि बिल खरंच कमी यायला लागलं. पण पहिल्याच जुलैत आई म्हणाली, "अगं, गार तर आहे, मग अंग का चिकट लागतंय?" कपाट उघडलं तर बाबांच्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी!

आमची मोठी चूक म्हणजे फक्त रिमोटवरचा आकडा बघणं. मुंबईत खरा त्रास दमटपणाचा. एसीची कॉइल (आतल्या थंड नळ्या) थंडगार असेल तेव्हाच हवेतलं पाणी नीट निघतं, आणि सेट केलेलं टेंपरेचर आलं की इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळू चालतो, मग खोली गार पण ओलसर राहते. म्हणून पावसाळ्यात थोडा वेळ रिमोटवरचा ड्राय मोड, म्हणजे दमटपणा कमी करणारा, लावा, आणि छोट्या बेडरूमला उगाच दोन टनाचा एसी घेऊ नका, तो पटकन गार करून थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो.

एसी 18 वर लावायची तर गरजच नसते. 2020 पासून स्टार लेबलवाले एसी चालू केल्यावर 24 वर येतात, पण एसी 26 वर आणि सोबत पंखा असं करून बघा, वारा लागला की घाम सुकतो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 30 वॅटच्या आसपास खातो, जुना 75 च्या.

आणि हो, घरात कपडे वाळत घालणं! बादलीभर कपड्यांचं पाणी शेवटी घरातल्याच हवेत जातं, पूर्वी फटींतून बाहेर जायचं, आता कुठे जाणार? बाथरूममध्ये दोरी बांधा, दार लावून एक्झॉस्ट चालू ठेवा. स्वयंपाक करतानाही एक्झॉस्ट हवाच. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच तीच फिरवतो, सकाळी डोकं जड वाटतं ते बऱ्याचदा त्यामुळेच, तेव्हा पाऊस थांबला की समोरासमोरच्या खिडक्या पंधरा मिनिटं उघडा.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावून फार फरक पडत नाही, ऊन काचेतून आत आलेलं असतंच, ते बाहेरच अडवायला हवं, छज्जा किंवा बांबूचा पडदा, सोसायटीला आधी विचारून. ऑक्टोबरमध्ये तापलेली भिंत रात्रीही धग सोडते, एसी 25 दाखवत असला तरी. आम्ही शेवटी आईचा पलंगच त्या भिंतीपासून हलवला, तेव्हा कुठे तिला शांत झोप लागली.