ट्रेकच्या ग्रुपसाठी वॉकी-टॉकी घेताना

खोक्यावर छापलेला '१० किमी रेंज'चा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. दोन डोंगरमाथ्यांवर समोरासमोर उभं राहिलं, मधे काहीच नसलं, तर तो कदाचित खराही ठरेल. आपल्याकडच्या ट्रेकमध्ये तसं क्वचितच घडतं. गर्द झाडीत एक-दीड किमी आणि शहरात इमारतींमध्ये अर्धा ते एक किमी मिळालं, तर सेट नीट चालतोय असं समजा.

पहिली चाळणी कायद्याची. भारतात विनापरवाना वापरायच्या वॉकी-टॉकीसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा खुला आहे. २०१८च्या नियमांनी ही सूट दिली. साधारण अर्धा वॉटचे, 'पीएमआर ४४६' नावाने मिळणारे सेट याच पट्ट्यातले. सूट वापरणाऱ्याच्या परवान्याला आहे, यंत्राच्या मंजुरीला नाही. त्यामुळे विक्रेत्याकडून दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचं (वायरलेसचं काम पाहणारी शाखा) ईटीए प्रमाणपत्र, म्हणजे यंत्राच्या मंजुरीचा कागद, मागा आणि त्यावरचा मॉडेल नंबर हातातल्या सेटशी ताडून पाहा. 'सर, सगळे हेच घेतात' एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरं दुकान गाठा.

अमेरिकेतून कुणी नातेवाईक एफआरएसची, म्हणजे तिथल्या विनापरवाना वॉकी-टॉकीची, जोडी आणून देतो. ते सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे इथे बेकायदेशीर. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ५ वॉटच्या ड्युअल-बँड (दोन पट्ट्यांवर चालणाऱ्या) सेटचंही तेच. ते हॅमसाठी, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांसाठी, ठीक, पण तिथे बोलणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना लागतो आणि भारतातल्या हॅमला मिळालेल्या १४४–१४६ किंवा ४३४–४३८ मेगाहर्ट्झमध्ये ४४६ येतच नाही. एक ढोबळ खूण सांगतो: विनापरवाना प्रकारच्या सेटची अँटेना सहसा कायमची बसवलेली असते. अँटेना फिरवून निघत असेल आणि कीपॅडवरून हवी ती फ्रीक्वेन्सी टाकता येत असेल, तर तो सेट या सवलतीतला नाही असंच धरून चाला.

शिवाय जास्त वॉटने वाटतो तेवढा फरक पडत नाही. पॉवर दहापट केली तरी मोकळ्यावर अंतर जेमतेम तिप्पट वाढतं, आणि मधे डोंगर आला की तेही गेलं. ४४६ मेगाहर्ट्झची लहर सरळ जाते, डोंगराला वळसा घालून फारशी पोचत नाही. राजगडच घ्या. एक गट संजीवनी माचीच्या टोकाला, दुसरा सुवेळा माचीवर, आणि मधे बालेकिल्ल्याचा अख्खा कातळ. थेट बोलणं तुटक होणार किंवा होणारच नाही. एक सेट बालेकिल्ल्यावर ठेवला, तर तिथला माणूस दोन्हीकडचं ऐकून निरोप पुढे देऊ शकतो. घळीत, नाळेत किंवा भीमाशंकरच्या शिडी घाटात शिरण्याआधीच 'आता अर्धा तास संपर्क नसेल' असं कळवून ठेवावं, म्हणजे वरचे लोक उगाच घाबरत नाहीत.

आता खाजगीपणा. 'प्रायव्हसी कोड' हे नाव फसवं आहे. सेट तुमच्या आवाजाखाली एक बारीक टोन सोडतो आणि समोरच्या सेटला तोच टोन ऐकू आला तरच त्याचा स्पीकर उघडतो. म्हणजे बाकीच्यांची बडबड तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच. तुमचं बोलणं मात्र त्या चॅनेलवर टोन बंद ठेवून बसलेला कुणीही ऐकतो. आणखी एक त्रास: दुसरा गट त्याच चॅनेलवर वेगळ्या टोनने बोलत असेल तर तुम्हाला शांतता वाटते, तुम्ही बटण दाबता आणि दोघांचंही बोलणं चिरडतं. बोलण्याआधी मॉनिटरचं बटण (टोन न बघता चॅनेलवरचं सगळं ऐकवणारं) दाबून चॅनेल रिकामा आहे का ते पाहा. हा पट्टा सगळ्यांचा सामाईक आहे, कुणी आड आलं म्हणून तक्रार करता येत नाही. फोन नंबर, एकट्या राहिलेल्या व्यक्तीचं नाव, गाडीची किल्ली कुठे ठेवली, हे हवेत बोलू नका. त्यासाठी दोन-चार सांकेतिक शब्द निघण्याआधीच ठरवून घ्या.

वेगवेगळ्या ब्रँडचे सेट जुळवताना कोडच्या क्रमांकावर विसंबू नका, हर्ट्झ पाहा. ३८ टोनच्या नेहमीच्या यादीत १२ म्हणजे १००.० हर्ट्झ, काही सेटच्या यादीत ६९.३चा जादा टोन असतो, तिथे १२ म्हणजे ९७.४. दोघांच्या पडद्यावर १२ दिसतं आणि एकमेकांचं ऐकू मात्र येत नाही. चॅनेलचंही तसंच: पहिला ४४६.००६२५ मेगाहर्ट्झ, पुढचे प्रत्येकी १२.५ किलोहर्ट्झवर, असे एकूण १६. जुन्या सेटमध्ये फक्त पहिले ८ असतात, म्हणून गटाचा चॅनेल ८च्या आतला ठेवा.

पंचवीस जणांच्या गटाला चार सेट पुरतात: लीडकडे (सगळ्यात पुढे), मधे, टेलला (सगळ्यात मागे) आणि पायथ्याला गाडीजवळ. पावसाळी ट्रेकसाठी आयपी६७ घ्या (आयपी म्हणजे धूळ-पाणी किती सोसतो त्याचा दर्जा). आयपी५४ फक्त शिंतोडे सोसतो. इअरफोनच्या खाचेचं रबरी झाकण उघडं राहिलं, तर आयपी६७लाही अर्थ उरत नाही. बॅटरी लिथियमची आणि यूएसबीने चार्ज होणारी असली तर पॉवर बँक कामी येते. एएएवर चालणारा सेट असेल तर सुट्या सेलचा एक पूर्ण संच कोरड्या पिशवीत ठेवा. व्हॉक्स, म्हणजे आवाजाने आपोआप सुरू होण्याची सोय, कड्यावर बंदच ठेवा. वारा लागला की सेट स्वतःच बोलायला लागतो आणि चॅनेल अडकतो.

वापरताना सेट उभा धरा, अँटेना वर, तोंडापासून चार-पाच सेंटिमीटरवर. कमरेला लटकवून बोललात तर तुमचं शरीरच सिग्नल अडवतं. बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला. समोरचा सेट बॅटरी वाचवण्यासाठी डुलक्या घेत असतो, त्याला जागं व्हायला आणि टोन ओळखायला वेळ लागतो. घाई केली की 'थांबू नका'मधला शेवटचा भागच पोचतो, आणि त्यातून भलतेच गोंधळ होतात.

घेतल्यावर घरात शेजारी-शेजारी बसून चाचणी करू नका, इतक्या जवळून सेट बधिर होतात आणि शिट्ट्याही मारतात. एकाने गल्लीच्या टोकाला जावं आणि दोन्ही बाजूंनी बोलून बघावं. पावसातून आल्यावर बॅटरी काढून तिच्या धातूच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा, आणि सेट महिनाभर कपाटात जाणार असेल तर बॅटरी अर्धी चार्ज करून वेगळी ठेवा.