मो टकरसारखं उभं राहून ड्रम वाजवायचाय? मग आधी सिंबल बाजूला ठेवा

ढोल पथकात चार वर्षं वाजवून झाल्यावर मी ड्रम शिकायला गेले तर पहिल्याच दिवशी स्टुलावर बसवलं, दोन पायांना दोन पेडल, डोक्याशी तीन सिंबल (काठीने वाजवायच्या मोठ्या झांजा), आणि माझं सगळं लक्ष पायांतच अडकून पडलं. ढोल आपण उभ्याने वाजवतो, जोर कमरेतून वर येतो, बसल्यावर तो जोर कुठे गेला तेच कळेना. मग साठच्या दशकातल्या व्हेल्वेट अंडरग्राउंड या अमेरिकन रॉक बँडची ड्रमर मो टकर सापडली, आणि ती बँडमध्ये उभ्यानेच वाजवायची हे कळल्यावर मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तेव्हापासून मी तिच्याच पद्धतीने रियाज करतेय, आणि ज्यांच्याकडे पूर्ण ड्रमसेट नाहीये त्यांनी तर हे नक्की करून बघा.

आधी थोडं तिच्याबद्दल, कारण ती तशी का वाजवायची हे कळलं की हात आपोआप तसा पडतो. मो म्हणजे मॉरीन टकर, जन्म १९४४ चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या लेव्हिटाउनमध्ये वाढली. ड्रम हातात घेतला १९व्या वर्षी, क्लास नाही की शिक्षक नाही, नायजेरियाचा ड्रमवादक बाबातुंडे ओलातुंजी नाहीतर अमेरिकन रॉक-अँड-रोल गिटारवाला बो डिडली यांची रेकॉर्ड लावायची आणि सोबत वाजवत बसायची. पोटापाण्यासाठी पंच कार्डवर (कॉम्प्युटरसाठी भोकं पाडायची कार्डं) डेटा भरायची नोकरी. डिसेंबर १९६५ मध्ये बँडला न्यू जर्सीच्या समिट हायस्कूलमध्ये पहिला पैसे मिळणारा कार्यक्रम आला, ७५ डॉलर, आणि आधीचा ड्रमर अँगस मॅक्लाइज पैशासाठी वाजवायचं नाही म्हणून निघून गेला. गिटारवाला स्टर्लिंग मॉरिसन मोच्या भावाचा मित्र, त्याला आठवलं की मित्राची बहीण वाजवते. अशी ती आली. (तिच्या एक वर्ष आधी इंग्लंडमध्ये हनीकोम्ब्स बँडमध्ये हनी लँट्री ही आणखी एक बाई ड्रमवर होती, त्यांचं गाणं तिकडे १ नंबरला गेलं, तीही जरूर ऐका.)

आता सेटअप. मोने बेस ड्रम आडवा केला, म्हणजे त्याचं पान वर तोंड करून, आणि पायाने वाजवायचा तो ड्रम ती हाताने वाजवायला लागली. शेजारी टॉम (मधल्या आकाराचा ड्रम) आणि स्नेअर (खाली तारा लावलेला, कडक आवाजाचा छोटा ड्रम), सिंबल जवळजवळ नाहीच, कारण सिंबलच्या आवाजात गिटार आणि गाणं बुडतं असं तिचं म्हणणं. घरी बेस ड्रम नसेल तर फ्लोअर टॉम, म्हणजे जमिनीवर पायांवर उभा राहणारा मोठा टॉम, घ्या, तोही नसेल तर रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा उलटा ठेवा. हे काही कमीपणाचं नाही, १९६६ मध्ये तिचे ड्रम चोरीला गेले तेव्हा तिने बाहेरचे कचऱ्याचे डबे आणून शो वाजवलेत. खाली जाड गोधडी घाला, खालच्या मजल्यावर लोक राहतात. उंची अशी हवी की हात सैल सोडून कोपरात वाकवला तर काठी पानावर टेकते, खांदे वर उचलावे लागत असतील तर ड्रम उंच झालाय. मॅलेट, म्हणजे टोकाला मऊ गोळा असलेल्या काठ्या, महाग वाटत असतील तर साध्या काठीच्या टोकाला जुना मोजा चार-पाच वेढे गुंडाळा आणि दोऱ्याने करकचून बांधा, आवाज एकदम गोल आणि खोल येतो.

पहिला ठेका बो डिडलीचा. सावकाश १ ते १६ मोजा आणि फक्त १, ४, ७, ११ आणि १३ वर टाळी वाजवा. ७ नंतरची जागा जरा लांब आहे, तिथे सगळे घाई करतात, मीसुद्धा दोन आठवडे करत होते. टाळी पक्की झाली की उजव्या हाताने मोठ्या ड्रमवर सगळे १६ ठोके हलके ठेवा आणि ते पाच जोरात. मनगट वापरा, टिपरू मारतो तसा अख्खा हात घालू नका, नाहीतर दहा मिनिटांत दंड भरून येतात. मग व्हेल्वेटचं 'व्हीनस इन फर्स' हे गाणं, दोन ठोके मोठ्या ड्रमवर आणि मग एक खंजिरीचा, बास, एवढंच. सोपं वाटतं ना? पाच मिनिटं एकही फिल (मध्येच घातलेली सजावटीची तोड) न घालता वाजवून बघा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग कळतं की हात किती वळवळतो ते. मोची खरी ताकद इथेच आहे, बाकीचे तिघं गिटार आणि व्हायोलाचा नुसता कल्लोळ करत असताना ती जागची हलत नाही. 'सिस्टर रे' १७ मिनिटांचं आहे, एका टेकमध्ये, म्हणजे न थांबता एकदाच रेकॉर्ड केलेलं.

शेवटी त्यांचंच 'हेरॉइन' हे गाणं. मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) बंद करा, कारण गाणं हळू सुरू होतं, पळतं, परत थांबल्यासारखं होतं, असं सारखं चालतं, आणि तुम्हाला गाणाऱ्याच्या आवाजाच्या मागे जायचंय. वेग वाढवताना ठोका जोरात होऊ देऊ नका, फक्त जवळ जवळ आणा. सव्वापाच मिनिटांच्या आसपास ड्रम अचानक बंद होतात. गिटारच्या गोंगाटात मोला काहीच ऐकू येईना, तिला वाटलं सगळेच थांबतील म्हणून तिने हात थांबवले, पण बाकीचे वाजवतच राहिले, मग ती परत आत शिरली आणि तोच टेक १९६७ च्या रेकॉर्डवर गेला. तिथे तुम्हीही मॅलेट खाली घ्या, डोळे मिटून गिटार ऐका, आणि ती आली की तिच्यासोबत परत सुरू करा.