पोरगं ब्रिटनच्या इमिग्रेशन कोठडीत असेल तर सोलापुरातून काय करावं

कोर्टाजवळ माझं टायपिंगचं टेबल आहे. चुलतबहिणीचा मुलगा ब्रिटनमध्ये असायलम, म्हणजे जिवाच्या भीतीने सरकारकडे आसरा, मागून कोठडीत पडला, तेव्हा सगळी कागदपत्रं मीच हाताळली. तेव्हापासून अधूनमधून कुणीतरी विचारायला येतं. अमेरिकेचा कारभार वेगळा आहे, हे फक्त ब्रिटनचं.

व्हॉट्सॲपवर एकच टिक दिसली म्हणून घाबरू नका. आत स्मार्टफोन वापरू देत नाहीत. कॅमेरा नाही, इंटरनेट नाही असा साधा फोन देतात. त्यामुळे अनोळखी परदेशी नंबर आला तर उचला. पहिल्याच फोनवर तीन गोष्टी लिहून घ्या: कोठडीच्या केंद्राचं नाव, आतला फोन नंबर आणि होम ऑफिसचा, म्हणजे तिथल्या गृहखात्याचा, रेफरन्स नंबर. हा रेफरन्स नसेल तर तिथे कुणी दाद देत नाही. वेळेचंही बघा. उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. आपल्या सकाळच्या चहाच्या वेळी तिथे मध्यरात्र असते.

विमानतळाजवळच्या लहान केंद्रात ठेवलं असेल तर तिथला मुक्काम थोडाच. नियमाने ५ दिवस, परत पाठवण्याचा हुकूम निघाला असेल तर ७. मग मोठ्या केंद्रात हलवतात आणि फोन नंबर बदलतो. मोठ्या केंद्रात मात्र किती दिवस ठेवायचं याला कायद्याने ठरावीक मुदत नाही. घरच्यांना हे आधीच सांगून टाका, नाहीतर आई रोज कॅलेंडर बघत बसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खासदारांकडे, भारतीय दूतावासाकडे धावण्याआधी पोराला विचारा. त्याने संरक्षण मागितलंय ते इथल्याच कुणाच्या तरी भीतीने. दूतावासाला कळवायचं की नाही हे व्हिएन्ना करारानुसारही (परदेशात अटक झालेल्यांना दूतावासाची मदत कशी मिळावी, याचा आंतरराष्ट्रीय करार) त्यानेच ठरवायचं असतं. आमच्याकडे एका मामांनी ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावायला घेतला होता, मी हातातून मोबाईल काढून घेतला. भाचा कशाला भ्यायला हे मीही इथे लिहीत नाही, आणि तुम्हीही गल्लीत सांगू नका.

आत कसं असतं? खोलीत बहुतेक दोघं, संडास खोलीतच. बऱ्याच केंद्रांत रात्री दारं बंद, दिवसातून अनेकदा मोजणी. पोराच्या आजीचा जन्म आपल्या सेटलमेंटमधला, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबायच्या वसाहतीतला, तारेच्या कुंपणातला. गुन्हेगार जमातींचा तो कायदा १९५२ साली गेला, पण म्हातारीने फोनवर पहिलं विचारलं ते हेच, "हजेरी किती वेळा घेतात रे?" जेवलास का, हे नंतर.

जेवण मिळतं, पण शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवायच्या भानगडीत पडू नका, बाहेरचं खाणं आत जात नाही. काम करायचं म्हटलं तर साफसफाई, स्वयंपाकघर असलं काम तासाला १ पौंडाने मिळतं. अगदीच तुटपुंजं, पण दिवस जातो, म्हणून करू द्या. मोठ्या केंद्रात आल्यावर २४ तासांत डॉक्टरांची तपासणी असते. छळ झाला असेल, मार खाल्ला असेल तर तिथेच स्पष्ट सांगायला लावा. कोठडी केंद्रांच्या नियमावलीतल्या नियम ३५ खाली डॉक्टरांना तसा अहवाल द्यावा लागतो आणि सुटकेसाठी त्याचा उपयोग होतो. आपली पोरं लाजतात, "बरा आहे" म्हणून मोकळी होतात.

मुलाखतीला दुभाषा मराठीच मागायचा. हिंदीवर भागवतील, पण भीतीची गोष्ट परक्या भाषेत सांगताना तारखा आणि नाती घसरतात. मग "आधी वेगळं सांगितलं होतं" हा ठपका येतो.

कागदांचं माझ्या धंद्यातलं सांगतो. एफआयआर, दवाखान्याची चिठ्ठी, धमकीचं पत्र, मूळ कागद घरीच ठेवा. रंगीत स्कॅन करून पाठवा, मागची बाजूसुद्धा, कारण शिक्का बऱ्याचदा मागेच असतो. प्रत्येक मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं. खाली भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि भाषांतर बरोबर असल्याचा मजकूर हवा. शेजाऱ्यांकडून एकाच साच्यातली दहा प्रतिज्ञापत्रं करून घेऊ नका. एकाने डोळ्यांनी पाहिलेलं चार ओळींत सांगितलं तरी ते जास्त वजनदार.

वकिलासाठी इथल्या एजंटाला पैसे देऊ नका. इंग्लंडमधल्या केंद्रात ३० मिनिटांचा सल्ला फुकट मिळतो. त्यासाठी पोराने आतल्या वेलफेअर ऑफिसात नाव नोंदवायचं. बाहेरचा सल्लागार घ्यायचाच झाला तर तो एकतर नोंदणीकृत सॉलिसिटर हवा किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीच्या, म्हणजे अशा सल्लागारांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेच्या, यादीत हवा. जामिनाच्या कामात 'बेल फॉर इमिग्रेशन डिटेनीज' ही संस्था फुकट मदत करते.

जामिनाला खरा अडसर पत्त्याचा. राहायला ठेवून घेणारा तिथला मित्र, त्याचं भाडेपत्र, घरमालकाची लेखी परवानगी, हे गोळा करण्यातच वेळ जातो. जामीन नाकारला गेला आणि परिस्थितीत काही बदल नसेल तर २८ दिवसांच्या आत केलेल्या पुढच्या अर्जावर सुनावणीही होत नाही. म्हणून पत्त्याचे कागद हातात येईपर्यंत अर्ज टाकू नका, पोराने कितीही घाई केली तरी.