इंटिग्रेशन शिकवायला घेताय? सूत्रांचा तक्ता जरा बाजूला ठेवा

डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वक्राचा उतार काढणं, संपलं की नवा शिक्षक पहिल्याच तासाला सांगून मोकळा होतो, 'इंटिग्रेशन म्हणजे त्याचीच उलट क्रिया.' मुलं सूत्रं पाठ करतात, गणितं सुटतात, सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं. मग क्षेत्रफळाचा धडा येतो आणि एखादी मुलगी विचारते, 'सर, उताराच्या उलट क्षेत्रफळ कसं काय?' या प्रश्नानं मला फार छळलंय. म्हणून सांगतो, क्षेत्रफळ आधी घ्या.

एक्सच्या वर्गाचा आलेख ० ते १ काढा आणि त्याखाली १० पट्ट्या आखा. उंची डाव्या कडेला मोजली तर बेरीज ०.२८५ येते, उजव्या कडेला ०.३८५. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. ही बेरीज मुलांनाच करू द्या, वेळ गेला तरी चालेल. १०० पट्ट्यांचे आकडे तुम्ही सांगा: ०.३२८३५ आणि ०.३३८३५. एक तृतीयांश हे उत्तर वर्गातूनच येतं.

आता खरी मेख. उजवी हद्द किंचित पुढे सरकवा. क्षेत्रफळ किती वाढलं? एका बारीक पट्टीएवढं. त्या वाढीला पट्टीच्या रुंदीनं भागलं की उरते उंची, म्हणजे क्षेत्रफळ वाढण्याचा दर हाच मूळ वक्र. पट्टीचा माथा तिरका आहे, मग उंची कुठली धरायची, असं कुणीतरी विचारणारच. तिथे 'ते सोडून दे' म्हणू नका. एक्स ०.५ वरून ०.५१ केला तर उंची ०.२५ वरून ०.२६०१ होते, ०.५०१ केला तर ०.२५१००१. रुंदी आटली की उंचीतला फरकही आटतो. हे फळ्यावर दिसू द्या, दोनदा दिसू द्या.

इंटिग्रेशनच्या शेवटी लिहितात तो डीएक्स म्हणजे याच पट्टीची रुंदी. तो अर्थ न कळता नुसता शेपटासारखा लिहिणारी मुलं पुढे सब्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे एक्सच्या जागी दुसरं चल घेताना, हमखास अडकतात.

प्रश्नात दिलेल्या पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढून उत्तर ओळखायची युक्ती परीक्षेपुरती ठीक आहे. ती शिकवण म्हणून खपवणारे मला पटत नाहीत. 'पोर्शन संपवा' म्हणणाऱ्या ज्येष्ठांचं बाकी सगळं ऐका, पट्ट्यांचे हे दोन तास मात्र सोडू नका.

बाकीच्याची फार चिंता नको. साइनचं ० ते २ पायपर्यंत इंटिग्रेशन शून्य आलं की वर्ग गोंधळतो, पण अक्षाखालच्या पट्टीची उंची ऋण धरायची, एवढं सांगितलं तरी पट्ट्या आखलेली मुलं पुढचं स्वतः बोलतात.